रहस्यपटाचे भित्तिपत्रक : दाखविणे आणि राखून ठेवणे (१९२०–१९८०)

१. प्रश्नाचे स्वरूप

चित्रपटाचे भित्तिपत्रक हे मूलतः विक्रीचे साधन होय. रस्त्याने जाणाऱ्याची नजर क्षणभर थोपवावी, चित्रपट कोणता, त्यात कोण कोण आहे आणि कथा साधारण कोणत्या जातीची आहे एवढे त्याच्या मनावर ठसवावे आणि त्याला तिकिटाच्या खिडकीशी आणून सोडावे, हे त्याचे काम. या कामी जितके अधिक सांगता येईल तितके बरे, असा व्यापाऱ्याचा सरळ हिशेब असतो. नायक-नायिकेचे चेहरे, एखादा प्रणयप्रसंग, एखादी झटापट, जमल्यास एखादी आग किंवा वादळ, हे सर्व एकाच कागदावर दाटीवाटीने मांडून प्रेक्षकाला दिपवून टाकण्याची प्रथा अनेक देशांत दीर्घकाळ चालत आली. तिचे मूळ या हिशेबात आहे.

रहस्यपटाच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो. येथे विकावयाची वस्तू म्हणजे एक अज्ञात गोष्ट असते. ती उघड केली तर विकण्याजोगे काही उरत नाही आणि तिची मुळीच सूचना दिली नाही तर प्रेक्षक फिरकत नाही. म्हणून रहस्यपटाचे भित्तिपत्रक घडविणाऱ्या चित्रकारापुढे ‘काय दाखवावे’ या नेहमीच्या प्रश्नाबरोबर ‘काय राखून ठेवावे’ हा दुसरा प्रश्न उभा राहतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्यापार देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर चित्रपटाची रचना समजल्यावाचून देता येत नाही.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाची जी निरनिराळी उत्तरे १९२० ते १९८० या काळात शोधली गेली त्यांतील काहींचा विचार केला आहे. विवेचनाचा मध्यबिंदू अमेरिकन आरेखक सॉल बास (१९२०–१९९६) यांचे कार्य हा आहे; त्यापूर्वीचे बर्लिन आणि त्याच सुमाराचे वॉर्सा यांचा विचार तुलनेसाठी आहे. ‘रहस्यपट’ हा शब्द येथे विस्तृत अर्थाने घेतला असून गुन्हा, संशय आणि भय यांभोवती रचलेले सर्व चित्रपट त्यात समाविष्ट केले आहेत. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे, की या काळात रहस्यपटाचे भित्तिपत्रक घटनेच्या चित्रणाकडून खुणेकडे आणि खुणेकडून मनःस्थितीकडे सरकले. पण प्रत्येक वेळी हा प्रवास कोठवर जाईल हे चित्रकाराच्या प्रतिभेइतकेच जाहिरातीवर अंतिम अधिकार कोणाचा होता यावर ठरले.

२. बर्लिन : घोषणा आणि खूण

१९२० साली बर्लिनमध्ये ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ हा रॉबर्ट वीने यांनी दिग्दर्शित केलेला मूकपट प्रदर्शित झाला. हेर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर रोरिश यांनी रंगविलेले त्याचे वाकडेतिकडे नेपथ्य चित्रपटाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याच्या जाहिरातीकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. २६ फेब्रुवारीच्या पहिल्या खेळापूर्वी शहरात अशी पत्रके झळकली, की ज्यांवर ‘तू कॅलिगारी झालेच पाहिजे’ या अर्थाचे एक जर्मन आज्ञावाक्य होते. हा कॅलिगारी कोण, हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, ही जाहिरात आहे की आणखी काही, याचा उलगडा त्या पत्रकांवर नव्हता.

हे वाक्य चित्रपटातलेच आहे. कथेतील वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख ज्या भ्रमाने पछाडला जातो त्या भ्रमात त्याला हेच शब्द हवेत, भिंतींवर, झाडांवर उमटलेले दिसतात. म्हणजे पडद्यावरील पात्राला जो अनुभव येणार होता तोच अनुभव रस्त्यावरील माणसाला आधीच देण्यात आला होता. कथानकाचा एक धागाही उघड न करता तिचा मानसिक परिणाम शहराच्या भिंतींवर उतरविण्याची ही युक्ती होती. रहस्य राखण्याचे हे पहिले उत्तर म्हणता येईल. माहिती न देता आज्ञा द्यावयाची आणि अर्थ लावण्याचे काम वाचणाऱ्यावर सोपवावयाचे.

दुसरे उत्तर अकरा वर्षांनी आले. फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ हा बोलपट १९३१ साली मे महिन्यात बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. लहान मुलांचे खून करणाऱ्या एका इसमाचा पोलीस आणि शहरातील गुन्हेगारांच्या टोळ्या असे दोघेही शोध घेतात, हा त्याचा विषय. खुनी कोण हे प्रेक्षकाला लवकर कळते. शहराला ते कळत नाही. पाठलाग करणारा एक तरुण आपल्या तळहातावर खडूने ‘एम’ हे अक्षर काढतो आणि धक्का लागल्याचे निमित्त करून ते खुन्याच्या कोटावर उमटवितो. चित्रपटाच्या गाजलेल्या भित्तिपत्रकावर एवढेच आहे : काळोखी पार्श्वभूमी, उघडा तळहात आणि त्यावर तांबडे ‘एम’.

या पत्रकाची योजना विचारपूर्वक तपासण्याजोगी आहे. त्यावर खून नाही, बळी नाही, खुन्याचा चेहराही नाही. तळहात कोणाचा हे चित्र सांगत नाही. चित्रपट पाहण्यापूर्वी तो खुन्याचा वाटतो. पाहिल्यानंतर तो पाठलाग करणाऱ्याचा होता हे ध्यानी येते. खडूचे पांढरे अक्षर पत्रकावर तांबडे झाले आहे. त्यामुळे खूण आणि रक्त यांचा संबंध एका रंगाने जोडला गेला आहे. एकच वस्तू दोनदा वाचता यावी, प्रथम अज्ञानात आणि मग ज्ञानात, हा गुण पुढील काळातील उत्तम रहस्यपत्रकांत वारंवार आढळतो.

३. हॉलिवूडची चौकट

अमेरिकेत परिस्थिती निराळी होती. तेथे भित्तिपत्रक हा एका मोठ्या, नियमबद्ध व्यवसायाचा भाग झाला होता. सर्वसामान्य पत्रकाचा आकार २७ इंच गुणिले ४१ इंच असा ठरलेला होता; त्याला ‘वन-शीट’ म्हणत. त्याच्या पटीत तीन पत्रांचे, सहा पत्रांचे आणि मोठ्या फलकांसाठी चोवीस पत्रांचे आकार असत. चित्रगृहाच्या दालनात लावण्यासाठी ११ इंच गुणिले १४ इंचांची ‘लॉबी कार्डे’ निघत. १९४० पासून या साहित्याच्या वितरणाचे काम मोठ्या प्रमाणावर नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या संस्थेकडे गेले. चित्रगृहचालकांना ‘प्रेसबुक’ नावाची पुस्तिका मिळे आणि तीत वर्तमानपत्रांत छापावयाच्या जाहिरातींचे तयार नमुने असत.

या चौकटीत चित्रकाराला फारसे स्वातंत्र्य नव्हते. नटांच्या नावांचा क्रम आणि त्यांच्या अक्षरांचा आकार करारांत ठरलेला असे. नटाचा चेहरा हीच वस्तूची हमी मानली जाई. रहस्यपटाच्या पत्रकावर म्हणून पिस्तूल हाती घेतलेला नायक, भेदरलेली नायिका आणि पाठीमागे एखादी सावली, असा ठरीव मेळ दिसे.

या व्यवस्थेला दोन बाजूंनी तडे गेले. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निर्मितिसंस्थांच्या चित्रगृहांवरील मक्तेदारीविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर स्वतंत्र निर्मात्यांना अधिक वाव मिळाला. दुसरीकडे दूरचित्रवाणीच्या प्रसाराने चित्रगृहांचा प्रेक्षक घटू लागला. घरबसल्या न मिळणारे असे काही दाखविणे आणि ते निराळ्या रीतीने जाहीर करणे ही निर्मात्यांची गरज झाली. ज्या स्वतंत्र निर्मात्याच्या हाती चित्रपट आणि त्याची जाहिरात या दोहोंचा ताबा होता, त्याला ही संधी प्रथम घेता आली. ओटो प्रेमिंजर हे अशांपैकी एक होते.

४. बास आणि प्रेमिंजर : एका आकृतीचा आग्रह

सॉल बास यांचा जन्म न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स विभागात १९२० साली झाला. ब्रुकलिन कॉलेजात त्यांनी ग्यॉर्गी केपेश या हंगेरियन कलावंत-शिक्षकांपाशी अध्ययन केले. केपेश हे मोहोली-नॉज यांचे सहकारी आणि शिकागोतील ‘न्यू बाउहाउस’ या शिक्षणसंस्थेशी संबंधित होते. रेषा, आकार आणि रिकामी जागा यांची स्वतःची भाषा असते, ही युरोपीय नवकलेतील जाणीव बास यांना त्यांच्याकडून मिळाली. १९४६ साली बास लॉस एंजेलिसला गेले आणि तेथील चित्रपट-जाहिरातीच्या व्यवसायात शिरले. जाहिरातीच्या बाजाराचा अनुभव आणि नवकलेचे शिक्षण या दोहोंचा संयोग त्यांच्या ठिकाणी झाला होता.

प्रेमिंजर यांच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ (१९५५) या चित्रपटाचा नायक मादक द्रव्याच्या व्यसनात सापडलेला पत्तेवाटप्या आहे. हा काटेकोर अर्थाने रहस्यपट नव्हे. तथापि दाखविण्यास बंदी असलेली गोष्ट कशी सुचवावी हा प्रश्न त्याने अत्यंत तीव्र स्वरूपात उभा केला. तत्कालीन निर्मितिसंहितेनुसार अमली द्रव्यांचा विषय निषिद्ध होता. चित्रपटास संहितेचे मान्यतापत्र नाकारण्यात आले आणि युनायटेड आर्टिस्ट्स या संस्थेने ते नसतानाच तो प्रदर्शित केला. पुढे १९५६ च्या अखेरीस संहितेतील हे कलम शिथिल करण्यात आले.

बास यांनी येथे एकच आकृती निवडली. ती म्हणजे ताठरलेला, कोनाकोनांनी वाकलेला, कागदातून कातरल्यासारखा काळा हात. सुई नाही, द्रव्य नाही, झिंगलेला माणूस नाही. हात ही शीर्षकातील वस्तू, पत्ते वाटणाऱ्याचे उपजीविकेचे साधन आणि सुई टोचून घेण्याची जागा, असे तीन अर्थ त्या एका आकृतीत सामावले आहेत. संहितेने जे दाखविण्यास मनाई केली होती ते प्रेक्षकाच्या मनात निर्माण करण्याचे काम त्या आकृतीच्या विकृतीने केले.

तथापि प्रत्यक्ष पत्रकावर हा हात एकटा नाही. त्याभोवती रंगीत आयताकृती पट्टे आहेत आणि त्यांपैकी काहींत फ्रँक सिनात्रा, एलिनॉर पार्कर आणि किम नोव्हाक यांची छायाचित्रे बसविली आहेत. म्हणजे खूण आणि चेहरे यांच्यात येथे तडजोड आहे. चेहऱ्यांना हद्द आखून दिली गेली, हेच त्या वेळी मोठे पाऊल होते. एका प्रदर्शकाने या जाहिरातीविषयी तक्रार केली असता, तिच्यात किंचितही बदल केल्यास चित्रपटच काढून घेऊ, असे प्रेमिंजर यांनी बजावले, अशी हकीकत बास पुढे सांगत असत. ती त्यांच्याच तोंडून आलेली आहे हे लक्षात ठेवूनही तिचा निष्कर्ष मान्य करण्याजोगा आहे. आकृती टिकली, कारण तिच्यामागे चित्रपटाचा ताबा असलेला माणूस उभा होता.

याच दोघांच्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) या न्यायालयीन चित्रपटाच्या पत्रकावर तुकड्यातुकड्यांनी मांडलेली एक काळी मानवाकृती आहे. शीर्षकातील ‘शरीरच्छेदन’ हा शब्द तिने अक्षरशः घेतला आहे. परंतु तिचे सामर्थ्य याहून पुढे जाते. कथेत खून कोणी केला याविषयी वाद नाही. खून करताना आरोपीच्या मनाची अवस्था काय होती याविषयी आहे, आणि निकालानंतरही प्रेक्षकाची शंका पुरती फिटत नाही. तुकडे एकमेकांजवळ ठेवले आहेत, पण जोडलेले नाहीत. न्यायालयापुढे येणारे सत्य असेच खंडशः येते आणि त्याचा सलग देह कोणालाच दिसत नाही. असा अर्थ त्या फटींतून निघतो. येथे उत्तर राखून ठेवलेले नाही. उत्तर नाही हीच गोष्ट आकृतीने धरून ठेवली आहे.

‘बनी लेक इज मिसिंग’ (१९६५) या चित्रपटात ही रीत तिच्या टोकाला गेली. लंडनमध्ये एका तरुण आईची लहान मुलगी हरवते; आणि तपास पुढे सरकतो तसतशी ही मुलगी मुळात होती का, अशी शंका पोलिसांना येऊ लागते. बास यांनी फाडलेल्या कागदाची योजना केली. मुलाची आकृती कागदातून फाडून काढलेली आहे. आकृती म्हणजेच पोकळी. ती हरवल्याची खूण आहे, आणि कदाचित ती कधी नव्हतीच याचीही. चित्रपटाचा सर्व संशय कागदाच्या एका भोकात मावतो, हे साधन किती काटकसरीने वापरता येते याचे उदाहरण होय.

५. हिचकॉक : भोवळ आणि दिशाभूल

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या दोन चित्रपटांची पत्रके शेजारी ठेवली असता एकाच दिग्दर्शकाच्या बाबतीत रहस्याची दोन उलट उत्तरे दिसतात.

‘व्हर्टिगो’ (१९५८) ही कथा बोआलो आणि नार्सजाक या फ्रेंच लेखकद्वयाच्या १९५४ च्या कादंबरीवर आधारलेली आहे. कादंबरीत रहस्याचा उलगडा शेवटी होतो. हिचकॉक यांनी तो चित्रपट संपण्याच्या बराच आधी प्रेक्षकापुढे ठेवला. नायकाला मात्र तो अखेरीस कळतो. आश्चर्य आणि उत्कंठा या दोन भिन्न गोष्टी असून प्रेक्षकाला आधी माहिती दिल्याने उत्कंठा वाढते, हा विचार त्यांनी १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत सविस्तर मांडला आहे. या बदलाचा भित्तिपत्रकाशी निकटचा संबंध आहे. ज्या चित्रपटाचे सार ‘कोणी केले’ यात नाही, त्याच्या पत्रकाला ‘कोण’ दाखवावयाचे किंवा लपवावयाचे कारण उरत नाही.

बास यांच्या पत्रकावर नारिंगी-तांबड्या सपाट पृष्ठावर पांढऱ्या रेषांचा एक आवर्त आहे. त्याच्या मध्याशी एका पुरुषाची काळी छायाकृती तोल जाऊन पडत आहे आणि तिच्याजवळ स्त्रीची आकृती निव्वळ बाह्यरेषेने काढली आहे. पुरुष भरीव आणि स्त्री पोकळ, हा भेद अर्थपूर्ण आहे. कारण नायक जिच्यामागे धावतो ती स्त्री त्याच्या कल्पनेने भरलेली रूपरेषा आहे. मराठीत भोवळ आणि भोवरा हे शब्द एकमेकांच्या जवळचे आहेत. या पत्रकाची सर्व रचना त्या जवळिकीवर उभी आहे असे म्हणता येईल. नायकाची उंचीची भीती, पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारी त्याची आसक्ती आणि नायिकेच्या केसांचा वळसेदार अंबाडा, या तिहींचा निर्देश त्या एका आवर्ताने होतो. आरंभीच्या श्रेयनामावलीतही, जॉन व्हिटनी यांच्या यंत्रसाहाय्याने काढलेले, असेच आवर्त फिरतात. पत्रक, नामावली आणि कथा यांना एका आकाराने बांधण्याची ही योजना होती.

पत्रकावर जेम्स स्टुअर्ट आणि किम नोव्हाक यांची नावे आहेत, छायाचित्रे नाहीत. १९५५ मध्ये आयतांत बसविलेले चेहरे १९५८ मध्ये या पत्रकावरून गेले. घटना आणि खूण या दोन्ही पायऱ्या ओलांडून भित्तिपत्रक येथे मनःस्थितीपर्यंत पोहोचले.

दोन वर्षांनी आलेल्या ‘सायको’ (१९६०) चे पत्रक पाहिले तर जणू काळ मागे फिरला असे प्रथमदर्शनी वाटते. बास यांनी या चित्रपटाची नामावली केली. पत्रकाची रीत मात्र त्यांची नव्हे. अंतर्वस्त्रांतील जॅनेट ली हिचे मोठे छायाचित्र, जॉन गॅव्हिन आणि अँथनी पर्किन्स यांची छायाचित्रे, आणि मधोमध चिरफळ्या उडाल्यासारखी शीर्षकाची अक्षरे. ही अक्षरे टोनी पॅलाडिनो यांनी रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ च्या मूळ कादंबरीच्या वेष्टनासाठी आखली होती. ती चित्रपटाच्या जाहिरातीसाठी विकत घेण्यात आली.

चेहऱ्यांकडे हे परत जाणे म्हणजे पराभव नव्हता. प्रेक्षकाने जॅनेट ली हिला कथेची नायिका समजावे आणि तिच्यावर विसंबून राहावे, याची चित्रपटाला गरज होती. कारण चित्रपटाच्या पूर्वार्धातच तिचा खून होतो. नटीचा चेहरा म्हणजे हमी, ही व्यवसायाने अनेक वर्षे रुजविलेली समजूत हिचकॉक यांनी रहस्याच्या रक्षणासाठी वापरली. पत्रकावर लपविलेले काही नाही; जे दाखविले आहे तेच दिशाभूल करते. जोडीला, चित्रपट सुरू झाल्यावर कोणासही आत सोडले जाणार नाही, असे बजावणारी पत्रके लावण्यात आली आणि त्यांवर मनगटी घड्याळाकडे बोट दाखविणारे खुद्द हिचकॉक होते. मागाहून येणारा प्रेक्षक नायिकेची वाट पाहत बसला असता आणि पत्रकाचे असत्य उघडे पडले असते. म्हणून दारावरचा नियम आणि भिंतीवरचे चित्र ही एकाच योजनेची दोन अंगे ठरतात.

यावरून एक निष्कर्ष निघतो. प्रतीकात्मक पत्रक हे प्रगत आणि छायाचित्रांचे पत्रक हे मागासलेले, अशी सरळ चढती मांडणी इतिहासाला मान्य नाही. योग्यता ठरते ती चित्रपट रहस्य कोणत्या रीतीने बाळगतो यावर.

६. वॉर्सा : बाजाराविना प्रयोग

अधिकाराच्या प्रश्नाची दुसरी बाजू पोलंडच्या उदाहरणाने स्पष्ट होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात चित्रपटवितरण सरकारी संस्थांच्या हाती गेले. हेन्रिक टोमाशेव्हस्की आदी चित्रकारांनी १९४० नंतरच्या दशकात या संस्थांसाठी काम सुरू केले ते नटांच्या चेहऱ्यांची ठरीव मांडणी बाजूला ठेवून. तिकिटांच्या विक्रीची चिंता अमेरिकेइतकी तीव्र नव्हती आणि परदेशी नटांच्या करारांचे बंधनही पत्रकावर जाणवत नव्हते. त्यामुळे भित्तिपत्रक हे चित्रपटावरील चित्रकाराचे भाष्य बनू शकले. १९६६ साली वॉर्सा येथे भित्तिपत्रकांचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले, ही या परंपरेच्या प्रतिष्ठेची खूण होय.

‘व्हर्टिगो’साठी रोमान चेश्लेविच यांनी १९६३ साली केलेल्या पोलिश पत्रकावर एक कवटी आणि समकेंद्री वर्तुळे आहेत. बास यांचा आवर्त पाहणाऱ्याला आत ओढतो. चेश्लेविच यांची वर्तुळे नेमबाजीच्या लक्ष्यासारखी कवटीवर रोखलेली आहेत. एक पत्रक भोवळ येणाऱ्याच्या जाणिवेतून पाहते, तर दुसरे ती भोवळ ज्या डोक्यात उद्भवते त्या डोक्याकडे, आणि तिच्या शेवटाकडे, बाहेरून पाहते. एकाच चित्रपटाचे हे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही ग्राह्य आहेत.

परंतु पोलंडमधील मोकळीक निरपेक्ष मानणे चूक ठरेल. बाजाराचा दाब नव्हता तेथे राज्ययंत्रणेचा अधिकार होता. पत्रके सरकारी परवानगीवाचून निघत नसत. फरक इतकाच, की त्या अधिकाऱ्यांना चेहऱ्यांचा हट्ट नव्हता. चित्रकाराचे स्वातंत्र्य दोन्ही ठिकाणी मर्यादित होते. मर्यादेची जागा वेगळी होती आणि म्हणून प्रयोगाची जागाही वेगळी होती.

७. नाकारलेले आराखडे : ‘द शायनिंग’

आतापर्यंतची चर्चा पूर्ण झालेल्या पत्रकांवरून केली. त्यामागील निवड कशी होते याचे प्रत्यक्ष साधन क्वचित हाती लागते. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’ (१९८०) या भयपटाच्या बाबतीत ते उपलब्ध आहे. हिवाळ्यात बंद असलेल्या डोंगराळ भागातील उपाहारगृहवजा निवासात, म्हणजे एका मोठ्या हॉटेलात, राखणदार म्हणून राहिलेल्या कुटुंबाची ही कथा आहे. पत्रकाचे काम बास यांच्याकडे होते. त्या दोघांनी यापूर्वी ‘स्पार्टाकस’ (१९६०) साठी एकत्र काम केलेले होते. बास यांनी पाठविलेले काही आराखडे आणि त्यांवरील कुब्रिक यांचे हस्तलिखित शेरे टिकून आहेत व प्रसिद्धही झाले आहेत.

या आराखड्यांत चित्रपटातील निरनिराळे घटक आळीपाळीने केंद्रस्थानी आणून पाहिले आहेत. कोठे झुडपांचा चक्रव्यूह आणि त्यात सापडलेल्या आकृती, कोठे हॉटेल, कोठे हात आणि मुलाची तीनचाकी सायकल. शेऱ्यांचा आशय साधारण असा आहे, की चक्रव्यूहावर किंवा हॉटेलवर अवास्तव भर पडतो, अमुक वस्तू कथेच्या गाभ्याशी संबद्ध नाही, अमुक मांडणीने हा विज्ञानकथेवरचा चित्रपट वाटेल, अमुक ठिकाणी शीर्षक लहान झाल्यावर नीट दिसत नाही.

हे शेरे वरवर किरकोळ वाटतात. पण त्यांत तीन स्वतंत्र कसोट्या आहेत. पहिली कसोटी अर्थाची : निवडलेली वस्तू संपूर्ण कथेचे प्रतिनिधित्व करते की एका भागाचे? चक्रव्यूह अंतिम प्रसंगाचा आहे. त्याला पुढे आणले की स्थळ विकले जाते, भीती नाही. दुसरी कसोटी जातीची : पाहणाऱ्याने हा चित्रपट कोणत्या वर्गात घालावा? चुकीच्या वर्गाची अपेक्षा घेऊन आलेला प्रेक्षक निराश होतो. तिसरी कसोटी निव्वळ व्यवहाराची : तेच चित्र वर्तमानपत्राच्या एका स्तंभाच्या रुंदीत छापले तर काय उरेल? सपाट छायाकृती आणि जाड अक्षरे लहान झाली तरी ओळखू येतात. बारीक ठिपक्यांची कलाकुसर त्या आकारात टिकत नाही. जिला शैली म्हणून गौरविले जाते तिच्यामागे असले छपाईचे कारणही असते.

अखेर जे पत्रक निघाले त्यात पिवळ्या पृष्ठावर जाड, ओबडधोबड काळी अक्षरे आहेत आणि त्या अक्षरांत ठिपक्यांनी घडविलेला एक भयचकित चेहरा आहे. चक्रव्यूह, हॉटेल, सायकल हे सर्व गळून गेले. चेहरा परत आला, पण तो ओळखू येणाऱ्या नटाचा नाही, भयाचा आहे. शीर्षक आणि चित्र यांच्यातील भेदही नाहीसा झाला. त्यामुळे शीर्षक कितीही लहान छापले तरी चित्र त्याच्यासोबत जातेच. प्रत्येक नकाराने एक एक वस्तू कमी होत जाऊन हा आकार उरला, असे त्या आराखड्यांच्या साहाय्याने म्हणता येते. अंतिम पत्रक एकट्या आरेखकाची स्फूर्ती नसून दोघांच्या वादाचा अवशेष आहे.

८. उपसंहार

वरील उदाहरणांवरून रहस्य राखण्याच्या चार रीती वेगळ्या करता येतात. कॅलिगारीच्या पत्रकांनी कथेऐवजी तिचा परिणाम दिला. ‘एम’, ‘गोल्डन आर्म’ आणि ‘बनी लेक’ यांनी एक खूण निवडून तिच्यात अनेक अर्थ साठविले. ‘व्हर्टिगो’ने मनःस्थितीला आकार दिला. ‘सायको’ने उघडपणाचाच पडदा केला. या रीती काळाच्या क्रमाने एकमेकींची जागा घेत नाहीत. त्या एकाच वेळी उपलब्ध असतात आणि चित्रपटाच्या रचनेनुसार त्यांतून निवड करावी लागते. ही जाण सुटली की आकृती उरते आणि प्रयोजन जाते. कातरलेल्या छायाकृती पुढील काळात इतक्या वापरल्या गेल्या, की त्या रहस्यपटाचा ठरीव गणवेश बनल्या. १९९५ च्या ‘क्लॉकर्स’ या चित्रपटाचे पत्रक ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’च्या इतके जवळ गेले, की खुद्द बास यांनी त्यास हरकत घेतली. पिस्तूल आणि सावली यांच्या जुन्या साच्याविरुद्ध सुरू झालेला प्रयोग स्वतःच साचा झाला.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून पद्धतीविषयी एक सावधगिरी शिकण्याजोगी आहे. छापील पत्रक समोर ठेवून त्यावरून चित्रकाराचा हेतू सांगणे सोपे असते. परंतु ते पत्रक म्हणजे निर्माता, वितरक, नटांचे करार, नियंत्रक, मुद्रक आणि चित्रकार यांच्यातील देवघेवीचा शेवटचा कागद असतो. ‘गोल्डन आर्म’वरील चेहरे बास यांच्या रुचीचा पुरावा नव्हेत आणि ‘व्हर्टिगो’वरील त्यांचा अभाव ही एकट्या बास यांची कर्तबगारी नव्हे. कोणता पर्याय नाकारला गेला आणि कोणी नाकारला, हे कळल्यावाचून निवडीचा अर्थ पुरता कळत नाही. या दृष्टीने कुब्रिक यांच्या शेऱ्यांसह टिकलेले आराखडे अंतिम पत्रकाइतकेच महत्त्वाचे साधन ठरतात.

भारतीय चित्रपटांच्या भित्तिपत्रकांचा अभ्यास करणाऱ्यालाही ही गोष्ट लागू पडते. पुणे येथे १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने भित्तिपत्रकांचा मोठा संग्रह केला आहे आणि तो अभ्यासाचा भक्कम पाया आहे. पण संग्रहात येते ते बहुधा छापून भिंतीवर गेलेले. चित्रकाराच्या कपाटात राहिलेली रेखाटने, त्यांच्या समासातील निर्मात्यांच्या सूचना, छापखान्याकडे गेलेली आणि परत आलेली चाचणीची पत्रे, ही टाकाऊ समजली जातात आणि एका पिढीच्या आत नाहीशी होतात. ती जोवर काही घरांत आणि छापखान्यांत शिल्लक आहेत तोवर गोळा केली, तर आपल्याकडील रहस्यपटाच्या पत्रकाने काय दाखविले एवढेच नव्हे, तर काय राखून ठेवले आणि कोणाच्या सांगण्यावरून, हेही पुराव्यानिशी लिहिता येईल.